नेटवर्कमधल्या सर्व्हरची एडिशन स्क्रिप्टने कशी ओळखायची

लायसन्सचं ऑडिट जवळ आलं की विंडोज सर्व्हरबद्दल 'स्टँडर्ड किती, डेटासेंटर किती' हा प्रश्न येतोच. दहा सर्व्हर असतील तर एकेकावर लॉगिन करून बघता येतं, दोनशे असतील तर स्क्रिप्टच हवी. पण व्हर्जन (२०१९, २०२२ असं वर्ष) आणि एडिशन (स्टँडर्ड की डेटासेंटर) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल्ड नंबर गोळा करणाऱ्या स्क्रिप्टमधून एडिशन कधीच कळत नाही.

सुरुवात यादीपासून. डोमेन असेल, म्हणजे मशीनची नोंद एका मध्यवर्ती डिरेक्टरीत असेल, तर पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट भाषेतल्या गेट-एडीकॉम्प्युटर कमांडने नावं काढा. तिथल्या 'ऑपरेटिंगसिस्टीम' या नोंदीत एडिशनही दिसते, पण ती मशीनने पूर्वी कधीतरी लिहून ठेवलेली असते. काढून टाकलेल्या सर्व्हरच्या नोंदीही तशाच पडून असतात. म्हणून 'लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प' (शेवटच्या लॉगिनची तारीख) ९० दिवसांहून जुना असलेली नावं वेगळी ठेवा. ही तारीख साधारण दोन आठवडे मागे राहू शकते, त्यामुळे १० दिवसांसारखी कडक मर्यादा लावली तर चालू सर्व्हरही गळतील. डिरेक्टरीतून फक्त नावं घ्या, उत्तर मशीनकडूनच घ्या.

मशीनला विचारायचं ते गेट-सिमइन्स्टन्स ही कमांड वापरून, 'विन३२_ऑपरेटिंगसिस्टीम' या क्लासमधून. चार प्रॉपर्टी पुरतात: कॅप्शन, बिल्डनंबर, प्रॉडक्टटाइप आणि ऑपरेटिंगसिस्टीमएसकेयू. कॅप्शन माणसाला वाचायला ठीक आहे, पण त्यावर तुलना करू नका. ते भाषेनुसार बदलतं आणि काही मशीनवर त्याच्या शेवटी एक स्पेस असते, मग दिसायला सारखी दोन नावं जुळत नाहीत. एसकेयू हा एडिशन सांगणारा साधा आकडा आहे: ७ म्हणजे स्टँडर्ड, ८ म्हणजे डेटासेंटर. ७९ आणि ८० या त्यांच्याच इव्हॅल्युएशन (चाचणीपुरत्या) आवृत्त्या. हे दोन आकडे दिसले तर लगेच लक्ष द्या, कारण १८० दिवसांची मुदत संपल्यावर असा सर्व्हर दर तासाला आपोआप बंद होऊ लागतो.

बिल्ड नंबरवरून वर्ष कळतं: १४३९३ म्हणजे २०१६, १७७६३ म्हणजे २०१९, २०३४८ म्हणजे २०२२, २६१०० म्हणजे २०२५. पण १७७६३ हाच बिल्ड विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीचाही आहे, म्हणून प्रॉडक्टटाइप सोबत हवाच. १ म्हणजे डेस्कटॉप, ३ म्हणजे सर्व्हर, २ म्हणजे डोमेन कंट्रोलर (डोमेनची डिरेक्टरी सांभाळणारा सर्व्हर). फिल्टर 'बरोबर ३' असा लिहिला की सगळे डोमेन कंट्रोलर यादीतून गायब होतात. '१ नसलेले' असा लिहा.

सर्व्हर कोअर (डेस्कटॉपशिवाय बसवलेला) आहे की डेस्कटॉपसह, हे २०१२ पासून एसकेयूवरून ठरवता येत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) 'विंडोज एनटी' खालच्या 'करंटव्हर्जन'मध्ये 'इन्स्टॉलेशनटाइप' वाचा. शेजारचं 'एडिशनआयडी' भाषेनुसार बदलत नाही, पडताळणीला ते चांगलं.

जोडणीत अडतं ते बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, गेट-सिमइन्स्टन्स डिफॉल्टने विनआरएम ही दूरच्या मशीनशी बोलायची सेवा, म्हणजे पोर्ट ५९८५ वापरतं. २०१२ पासून ते आपोआप चालू असतं, पण २००८ आर२ वर तसं नसतं. तिथे सिमसेशन (जोडणी) डीकॉम हा जुना प्रोटोकॉल देऊन उघडा. त्यासाठी पोर्ट १३५ आणि सहसा ४९१५२ ते ६५५३५ मधले पोर्ट लागतात. दुसरं, आयपी पत्ता दिला की केर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवायची पद्धत) सहसा चालत नाही, म्हणून पूर्ण डीएनएस नाव द्या. तिसरं, आधी पिंग करून 'जिवंत' मशीन निवडू नका. पिंग फायरवॉलने अडवलेला सर्व्हर उत्तम चालू असू शकतो.

आता सगळ्यात घातक चूक. ट्राय-कॅच (एरर पकडायची रचना) चालायला कमांडला एररॲक्शन 'स्टॉप' द्यावं लागतं, नाहीतर कॅचपर्यंत गोष्ट जातच नाही. पण 'स्टॉप' दिल्यावर क्वेरी फसली की व्हेरिएबलमध्ये मागच्या सर्व्हरचंच उत्तर राहतं. अहवालाची ओळ लूपच्या शेवटी लिहीत असाल तर बंद सर्व्हरच्या नावासमोर शेजारच्याची एडिशन छापली जाते, आणि अहवाल बघून शंकाही येत नाही. लूपच्या पहिल्याच ओळीत व्हेरिएबल नल (रिकामं) करा. फसलेल्या मशीनची ओळ गाळू नका. एररचा मजकूर आणि वेळ लिहून ती सीएसव्हीत ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्याच ओळींसाठी स्क्रिप्ट पुन्हा चालवा.

लिनक्स सर्व्हरसाठी एसएसएचवरून '/ईटीसी/ओएस-रिलीज' वाचा. आयडी, व्हर्जन_आयडी आणि असेल तिथे व्हेरिएंट_आयडी घ्या. युनेम फक्त कर्नल सांगतं, वितरण नाही. सर्व्हरची यादी शेलच्या व्हाइल-रीड लूपने वाचत असाल तर एसएसएचला 'एन' पर्याय द्याच. तो नसेल तर पहिलाच एसएसएच उरलेली यादी गिळतो, आणि एकाच सर्व्हरचं उत्तर देऊन स्क्रिप्ट कुठलाही एरर न दाखवता संपते.