अशोकचक्रासह तिरंगा मापात कसा काढावा

तिरंगा चुकतो तो बहुधा चक्रात. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा हे सगळ्यांना पाठ असते. आरे मात्र कधी सोळा निघतात, कधी वीस.

ए-४ कागद आडवा धरून २२५ × १५० मिमीचा आयत आखा. हे ध्वजाच्या प्रमाणित आकारांपैकीच एक माप आहे, लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२. तिन्ही पट्टे ५० मिमीचे. रंग एवढ्यात भरू नका.

आयताचे दोन्ही कर्ण फिकट पेन्सिलीने काढा. ते छेदतात तिथे चक्राचा मध्य. चक्राचा व्यास ४० मिमी, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यात वर-खाली ५-५ मिमी जागा उरायलाच हवी. चक्र केशरी-हिरव्याला टेकले की माप चुकले समजा. कडेची जाडी साधारण अडीच मिमी ठेवा, मधला भरीव गोल सुमारे ७ मिमी व्यासाचा.

आता २४ आरे, दर १५ अंशांवर एक. इतक्या लहान वर्तुळावर कोनमापकाच्या खुणा दाटीने पडतात आणि शेवटचा आरा हमखास सरकतो. म्हणून त्याच मध्यातून ६० मिमी त्रिज्येचे फिकट वर्तुळ काढा. वरच्या टोकापासून कर्कटकाने तीच त्रिज्या घेत फिरलात की सहा खुणा मिळतात. प्रत्येक भाग दुभागला की बारा, पुन्हा दुभागला की चोवीस. समोरासमोरच्या खुणा जोडणाऱ्या रेषा मध्यातूनच गेल्या पाहिजेत. एखादी हुकली तर तिथेच दुरुस्त करा. आरे दोन्ही टोकांना निमुळते असतात. लगतच्या दोन आऱ्यांमध्ये, कडेला आतून चिकटलेला एक छोटा अर्धगोल येतो. तो बहुतेक जण विसरतात. चक्राचा रंग गडद निळा. काळा नाही, आकाशीही नाही. मदतीच्या रेषा खोडूनच पट्टे रंगवा, नाहीतर पेन्सिलीची काजळी केशरी रंगात पसरते.

१९३१च्या काँग्रेसच्या ध्वजावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आजचा ध्वज स्वीकारला तेव्हा त्या जागी चक्र आले. चरखा मागच्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखेच. अर्थात ते दोन्हीकडून सारखे दिसण्यासाठी आरेही अचूकच हवेत. राधाकृष्णन यांनी त्या सभेत केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्याकडे नेणारा प्रकाश, हिरवा म्हणजे मातीशी आणि वनस्पतींशी असलेले नाते, तर चक्र म्हणजे धर्म आणि गती, असा अर्थ सांगितला.

हे चक्र सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरून घेतलेले आहे. २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या राजमुद्रेतही सिंहांच्या खालच्या पट्टीत मधोमध तेच दिसते, आपल्या उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. सिंह चार, दिसतात तीन. खाली मुण्डकोपनिषदातले ‘सत्यमेव जयते’ हवेच. त्याशिवाय मुद्रा अपुरी. सरावासाठी वहीत काढायला हरकत नाही, पण संस्थेच्या लेटरहेडवर किंवा गाडीवर ती लावू नका. २००५च्या कायद्याने तिचा अनधिकृत वापर हा गुन्हा आहे.

काढलेला ध्वज भिंतीवर उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येऊ द्या.