लाटेकमध्ये आडवी मोकळी जागा कशी सोडावी

लाटेक (LaTeX) या मजकुराची छापील मांडणी करणाऱ्या संगणकप्रणालीत दोन शब्दांच्या मध्ये एक मोकळी जागा टंकली काय आणि दहा टंकल्या काय, छापील पानावर एकच दिसते. शिवाय ओळ दोन्ही कडांना नीट भिडावी म्हणून ती जागा गरजेप्रमाणे ताणली किंवा आवळली जाते. त्यामुळे स्पेसबार दाबत बसण्यात अर्थ नाही. जागा कशासाठी हवी, हे आधी ठरवावे आणि मग आज्ञा निवडावी.

सर्वांत जास्त कामी येते ती ‘~’ ही खूण. ‘डॉ.~आंबेडकर’ किंवा ‘पृष्ठ~४२’ असे लिहिले की नेहमीएवढी जागा सुटते, मात्र तेथे ओळ तुटत नाही. एखादा शब्द वाढला तरी पुढच्या सगळ्या ओळी सरकतात, म्हणून ही खूण शेवटच्या मुद्रितापर्यंत न थांबता टंकतानाच घालावी. आद्याक्षरांमध्ये मात्र पूर्ण जागा विरळ दिसते. तेथे बॅकस्लॅश आणि स्वल्पविराम जोडून द्यावा: ‘म.\,गो.~रानडे’. ही जागा एक षष्ठांश एमची असते आणि तीही तुटत नाही. एम हे टंकाच्या (फॉन्टच्या) आकाराशी बांधलेले माप आहे. १२ पॉइंटच्या टंकात ते साधारण १२ पॉइंट भरते. ‘\क्वाड’ने एक एम जागा सुटते, ‘\क्यूक्वाड’ने दोन. (आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहावीत.)

नेमके माप हवे असल्यास ‘\एचस्पेस’ लिहून पुढे महिरपी कंसात माप द्यावे. सेंटिमीटरपेक्षा एममध्ये दिलेले बरे, कारण पुढे टंकाचा आकार बदलला तरी प्रमाण बिघडत नाही. मजकुराच्या मधोमध ओळ तुटली आणि ही जागा नव्या ओळीच्या आरंभी आली, तर ती गाळली जाते. ती राहायलाच हवी असेल, तर नावाला लागून तारांकन जोडावे.

अर्जाच्या तळाशी डावीकडे दिनांक आणि उजवीकडे सही हवी असेल, तर मोजमाप न करता दोहोंच्या मध्ये ‘\एचफिल’ लिहावे. उरलेली सगळी जागा ते व्यापते. मध्ये आणखी एक मजकूर ठेवून दोन ‘\एचफिल’ दिल्यास दोन्ही मोकळ्या जागा सारख्या होतात, पण बाजूच्या मजकुरांची रुंदी वेगळी असेल तर मधला मजकूर पानाच्या मध्यावर येत नाही.

अक्षरी नावाच्या आज्ञेनंतर टंकलेली जागा गिळली जाते आणि पुढचा शब्द चिकटतो. अशा वेळी आज्ञेला लागून रिकामा महिरपी कंस ‘{}’ द्यावा.