चिरा देण्याआधी: हाडांच्या आणि मऊ भागांच्या गाठींवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

अस्थिरोगशास्त्रात एम.एस. करणाऱ्यांचे बहुतेक दिवस फ्रॅक्चरमध्ये जातात आणि कोल्हापुरात तर ते जास्तच जातात. महामार्गावरचे अपघात, गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या, शिरोलीच्या फाउंड्रीत यंत्राखाली सापडलेली बोटे यांतून मान वर काढायला सवड मिळत नाही. त्यामुळे हाडांच्या गाठींचे प्रकरण परीक्षेपुरते वाचले जाते. प्रौढांच्या एकूण कर्करोगांमध्ये सार्कोमाचे (हाड, स्नायू, चरबी अशा भागांत उगम पावणाऱ्या कर्करोगाचे) प्रमाण जेमतेम १ टक्का आहे, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याला असा रुग्ण क्वचितच भेटणार. पण तो पहिल्यांदा भेटतो तो कर्करोगतज्ज्ञाला नव्हे, आपल्यालाच, आणि त्या भेटीत आपण काय करतो, विशेषतः काय करायचे टाळतो, यावर त्याचा हात किंवा पाय राहणार की जाणार हे बऱ्याच अंशी ठरते. या शाखेकडे वळू पाहणाऱ्या नव्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या व्हिडिओंच्या आधी या पहिल्या भेटीचा अभ्यास करावा, असे माझे मत आहे.

गाठ घेऊन आलेला रुग्ण ‘गाठ’ हा शब्द क्वचितच उच्चारतो. तो म्हणतो, ‘मुका मार लागलाय.’ इथे पेठापेठांत फुटबॉल खेळला जातो आणि गावोगावी कुस्ती आहे. बारा-पंधरा वर्षांच्या ज्या मुलाच्या गुडघ्याला कधीच मार लागला नाही, असा मुलगा शोधूनही सापडायचा नाही. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग नेमका याच वयात, १० ते २० वर्षांच्या दरम्यान सर्वाधिक दिसतो आणि त्याची आवडती जागाही गुडघ्याच्या आसपासचीच, मांडीच्या हाडाचे खालचे टोक किंवा नडगीचे वरचे टोक. माराने गाठ होत नाही, मारामुळे आधीच असलेल्या सुजेकडे घरच्यांचे लक्ष जाते, इतकेच. म्हणून मार कधी लागला एवढ्यावर न थांबता पुढचे प्रश्न विचारावेत. दुखण्याने रात्री झोपमोड होते का? खेळ बंद करून तीन-चार आठवडे झाले तरी दुखणे वाढतेच आहे का? सूज उतरली होती का, की कधी उतरलीच नाही? या उत्तरांत काही खटकले तर क्रेप बँडेज आणि वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवू नये.

दरम्यान बहुधा हाडवैद्याची पट्टी बांधून झालेली असते आणि तेल लावून चोळलेलेही असते. त्यावरून घरच्यांना रागावू नये. रागावले की पुढच्या खेपेला ते सांगत नाहीत आणि आपल्याला हवी असलेली माहिती आपणच गमावतो. चोळणे आजपासून बंद, एवढे शांतपणे आणि ठामपणे सांगावे.

एक्स-रे दोन दिशांनी काढावा आणि संशयित हाड टोकापासून टोकापर्यंत दिसेल असा काढावा. मुलाचा गुडघा दुखतो म्हणून फक्त गुडघ्याचा एक्स-रे निघतो आणि दुखण्याचे मूळ खुब्यात किंवा मांडीच्या हाडाच्या मध्यावर असते, हे पुन्हा पुन्हा पाहायला मिळते. दुसरे असे की हाडातला ३० ते ४० टक्के खनिजांश नाहीसा झाल्याखेरीज साध्या एक्स-रेवर पोकळी नीट दिसत नाही. तेव्हा रुग्णाची तक्रार ठाम असेल तर ‘नॉर्मल’ एक्स-रेवर विसंबून राहता येत नाही.

एक्स-रे वाचताना मी आधी रुग्णाचे वय बघतो, मग हाडातली जागा आणि मग कड. विशी ते चाळिशीतला रुग्ण, वाढ पूर्ण झालेल्या हाडाचे अगदी सांध्यालगतचे टोक आणि कडेला सरकलेली काळी पोकळी दिसली, की जायंट सेल ट्यूमर (बहुधा कर्करोग नसलेली, पण हाड पोखरणारी गाठ) मनात येतो. हाडाच्या मधल्या दांड्यावर कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर चढलेले दिसले तर युइंग सार्कोमा, हाडाचा आणखी एक कर्करोग. कड पुसट, हाडावरचे आवरण उचलले जाऊन कोपऱ्यात त्रिकोण तयार झालेला आणि हाडाबाहेर किरणांसारख्या रेषा असतील तर ऑस्टिओसार्कोमा. चाळिशी ओलांडलेल्या रुग्णात मात्र हे सगळे बाजूला ठेवून आधी दुसरीकडून पसरलेला कर्करोग आणि मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतला कर्करोग) यांचा विचार करावा. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासल्याशिवाय हाडाला हात लावू नये. मूत्रपिंड आणि थायरॉइडकडून आलेल्या गाठी रक्ताने इतक्या भरलेल्या असतात की तयारीशिवाय उघडल्यास रक्तस्राव आवरणे कठीण होते.

आपल्या भागात क्षयरोग हा सर्वांत मोठा चकवा आहे. युइंग सार्कोमात ताप येतो, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढतो, सूज गरम लागते. हाडाचा जंतुसंसर्ग किंवा क्षय वाटावा असेच सगळे चित्र असते. गाठीचा तुकडा न तपासता क्षयाची औषधे सुरू केलेला आणि काही महिन्यांनी मुठीएवढी गाठ घेऊन आलेला रुग्ण या कामात पडणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. जुन्या शिक्षकांचा नियम मला अजूनही पुरतो: जे गाठीसारखे दिसते त्याचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करावे आणि जे पूसारखे दिसते त्याचीही बायोप्सी (तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) पाठवावी. जायंट सेल ट्यूमर वाटत असेल तर रक्तातले कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड या मानेतल्या ग्रंथीचे संप्रेरकही तपासून घ्यावे, कारण त्या ग्रंथीच्या आजारातली ‘ब्राउन ट्यूमर’ सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तशीच दिसते आणि तिथे शस्त्रक्रिया करायची असते ती बहुधा हाडावर नव्हे, मानेत.

आता बायोप्सी. या विषयावर थोडे लांबण लावतो, कारण नव्या माणसाला ती सगळ्यात सोपी वाटते. अमेरिकेत मँकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये अनेक केंद्रांतल्या बायोप्सी तपासल्या. अंतिम उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी रुग्णाला पुढे पाठवणाऱ्या रुग्णालयात बायोप्सी झाली असेल, तर चुका, गुंतागुंत आणि उपचाराची दिशाच बदलावी लागणे हे सारे २ ते १२ पटींनी अधिक आढळले. दोन्ही अभ्यासांत जवळपास चौदा वर्षांचे अंतर असूनही चित्र फारसे बदलले नव्हते. याचे कारण असे की सुई किंवा चिरा ज्या वाटेने जातो ती संपूर्ण वाट गाठीच्या पेशींनी दूषित झाली असे मानावे लागते आणि पुढच्या शस्त्रक्रियेत ती गाठीसोबत एकसंध काढावी लागते. म्हणजे बायोप्सी हा अंतिम शस्त्रक्रियेचाच पहिला टप्पा असतो, आणि तो त्याच शल्यचिकित्सकाने किंवा निदान त्याला विचारून करावा.

त्यातून पुढचे सगळे नियम निघतात. एमआरआय आधी, बायोप्सी नंतर; उलट केले तर रक्त साकळून गाठीची खरी हद्द कळत नाही. चिरा हातापायाच्या लांबीच्या दिशेने असावा, आडवा कधीच नसावा. सुई एकाच स्नायूतून जावी. दोन स्नायूंमधली मोकळी फट, जी फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेत आपली लाडकी असते, ती इथे वर्ज्य. खांद्याच्या गाठीसाठी डेल्टॉइड आणि पेक्टोरॅलिस या स्नायूंच्या मधून न जाता डेल्टॉइडच्या पुढच्या भागातून जावे. गुडघ्याजवळ सुई सांध्यात शिरू देऊ नये. टुर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) लावला तरी रबरी पट्टा गुंडाळून रक्त पिळून काढू नये. तुकडा गाठीच्या जिवंत कडेचा घ्यावा, मधल्या मृत भागाचा नव्हे, आणि आवरण उचलल्याने झालेला तो त्रिकोण एक्स-रेवर कितीही ठळक असला तरी तिथून तर नकोच, कारण तिथे फक्त नवे, निरोगी हाड मिळते. बहुतेक वेळा ट्रूकट किंवा जामशिदी या तुकडा काढणाऱ्या सुईने काम भागते आणि उघडी बायोप्सी लागत नाही. घरच्यांना ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती असते. तिला हसू नये, वाट नीट आखली तर ती वाटही काढून टाकतो, हे कागदावर आकृती काढून दाखवावे.

तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जाताना बाटलीबरोबर एक्स-रे आणि एमआरआयही जायला हवेत. नुसती ‘बोन बायोप्सी’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली पाहून कोणताही चांगला पॅथॉलॉजिस्ट हतबल होतो. वय, जागा, एक्स-रेवरचे वर्णन आणि तुम्हाला काय वाटते, हे चार ओळींत लिहावे. कल्चरसाठीचा भाग फॉर्मॅलिनमध्ये न टाकता वेगळा ठेवावा. कठीण हाडातले खनिज तीव्र आम्लाने काढले तर जनुकीय तपासणीसाठी पेशी निकामी होतात. युइंगचा संशय असेल तर हे आधीच फोन करून सांगावे.

मऊ भागांच्या गाठींत धोका वेगळा आहे. पाठीवर, मांडीवर चरबीची गाठ म्हणून छोट्या शस्त्रक्रियागृहात भूल देऊन ती काढली जाते, कित्येकदा तपासणीलाही पाठवली जात नाही आणि वर्षभरात पुन्हा उगवते. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, फॅशियाच्या (स्नायूंवरच्या आवरणाच्या) खाली असलेली, वाढत जाणारी किंवा एकदा काढून परत आलेली गाठ ही तसे नाही हे सिद्ध होईपर्यंत सार्कोमाच मानावी आणि तिचा एमआरआय करावा. अशी गाठ अंदाजाने सोलून काढल्यावर मागची सगळी जागा दूषित होते, आणि मग मूळच्या गाठीला लागली असती त्यापेक्षा कितीतरी मोठी शस्त्रक्रिया, त्वचारोपण आणि विकिरण करावे लागते. माझ्या मते नव्या डॉक्टराने या शाखेतली एकच गोष्ट शिकायची ठरवली, तर ती ही शिकावी.

उपचारांबद्दल पुस्तके भरपूर सांगतात, म्हणून थोडक्यात. केमोथेरपी येण्यापूर्वी ऑस्टिओसार्कोमात पाय कापूनही पाचापैकी जेमतेम एखादाच वाचायचा. आज रोग पसरलेला नसेल आणि औषधे पूर्ण झाली तर चांगल्या केंद्रांत निम्म्याहून अधिक रुग्ण वाचतात. काढलेल्या गाठीत ९० टक्के किंवा जास्त पेशी मेलेल्या आढळल्या, तर औषध लागू पडले असे मानतात. कॉन्ड्रोसार्कोमा हा कूर्चेचा कर्करोग मात्र या औषधांना बहुतेक दाद देत नाही, तिथे सारी भिस्त शस्त्रक्रियेवर. बहुतेकांचा पाय ठेवता येतो: मेगाप्रोस्थेसिस (मोठा कृत्रिम सांधा) बसवून, किंवा गाठ असलेले हाड काढून, स्वच्छ करून, ५० ग्रे विकिरण देऊन तेच पुन्हा बसवून.

‘डॉक्टरसाहेब, पाय काढाय लागंल काय?’ हा प्रश्न बहुधा मुलाचा मामा किंवा चुलता विचारतो, आईवडील मागे उभे असतात. उत्तर आईवडिलांकडे बघून द्यावे आणि तपासण्या होण्याआधी कोणताच शब्द देऊ नये. मुलगा कळत्या वयाचा असेल तर त्यालाही समोर बसवावे. खर्चाची बाब त्याच बैठकीत काढावी. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे, शिधापत्रिकेपासून, आजच गोळा करायला सांगावीत, कारण त्यात गेलेले आठवडे गाठीला मिळतात.

या क्षेत्रात पुढे जायचे असेल तर एम.एस. नंतर मस्क्युलोस्केलेटल ऑन्कॉलॉजीची (हाडे व मऊ भागांच्या कर्करोगशास्त्राची) फेलोशिप करावी. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात रेसिडेन्सीतच काही आठवडे निरीक्षक म्हणून जाता आले तरी नजर बदलते. शस्त्रक्रियागृहापेक्षा तिथली संयुक्त बैठक अधिक शिकवते, जिथे रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि शल्यचिकित्सक एकाच फिल्मवर वाद घालतात. आर्थिक बाजूही स्पष्ट सांगतो: केवळ गाठींवर कोल्हापुरात दवाखाना चालणार नाही, फ्रॅक्चर आणि सांधेबदल करतच हे काम करावे लागते. शिवाय सगळे इथे करण्याचा हट्टही नको. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलेला रुग्ण सकाळी दादरला उतरतो. त्याच्या पिशवीत मूळ फिल्म, एमआरआयची सीडी, आणि नुसत्या अहवालाऐवजी पॅथॉलॉजीच्या काचा व मेणाचे ठोकळे असतील, तर तिथे बायोप्सी पुन्हा करावी लागण्याची शक्यता बरीच कमी होते.

रुग्ण उपचार संपवून परतला की पाठपुरावा आपल्याकडे येतो. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जागेची तपासणी आणि छातीची प्रतिमा करावी, कारण सार्कोमा सर्वाधिक फुप्फुसात पसरतो आणि ऑस्टिओसार्कोमात तिथल्या मोजक्या गाठी वेळेत काढल्या तर काही रुग्ण पूर्ण बरेही होतात. पण सुगी आणि गळीत हंगामात तारखा चुकतात. म्हणून मी वहीत रुग्णाच्या क्रमांकाबरोबर गावातल्या आणखी एका माणसाचा क्रमांक लिहून घेतो, आणि तारीख उलटून आठवडा झाला की रिसेप्शनवरून फोन जातो.