नव्या मेमरी तंत्रज्ञानाला उशीर होत असल्याची चर्चा कशी तपासावी

नवी मेमरी चिप लांबणीवर पडल्याची कुजबुज गुंतवणूकदारांमध्ये सुरू झाली की शेअर विकण्याआधी नेमका कोणता टप्पा लांबला हे शोधावे. मानक (सर्व कंपन्यांसाठीचे सामाईक तांत्रिक नियम) निश्चित होणे, ग्राहकाकडे नमुने पोहोचणे, त्याने ते महिनोन्महिने तपासून मान्य करणे आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू होणे, या वेगवेगळ्या गोष्टी असून चर्चेत त्यांची सर्रास सरमिसळ होते. त्यासाठी कंपनीच्या मागील काही तिमाही निवेदनांतील तारखा आणि त्यांभोवतीची शब्दरचना शेजारी ठेवून वाचावी. ‘उत्पादन सुरू होईल’ याच्या जागी ‘नमुने उपलब्ध होतील’ असे आले असेल, तर तारीख तीच राहूनही उशीर झालेलाच असतो.

त्यानंतर उशिराचे कारण पाहावे. डीडीआर५ या संगणकाच्या मुख्य मेमरीच्या पिढीचे मानक २०१८मध्ये पूर्ण होणे अपेक्षित असताना ते जुलै २०२०मध्ये प्रसिद्ध झाले, तरी ही मेमरी पुढे सर्वत्र रुळली, कारण प्रोसेसर बनवणाऱ्यांना आणि सर्व्हर चालवणाऱ्यांना ती हवीच होती. याउलट इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५मध्ये गाजावाजा करून जाहीर केलेली थ्रीडी क्रॉसपॉइंट मेमरी बाजारात आली, पण पुरेसा ग्राहकवर्ग न मिळाल्याने मायक्रॉनने २०२१मध्ये आणि इंटेलने २०२२मध्ये तिच्यातून अंग काढून घेतले. इंटेलला त्या वेळी साठ्यापोटी सुमारे ५६ कोटी डॉलर निर्लेखित करावे, म्हणजे तोटा म्हणून दाखवावे लागले. माझ्या मते मागणीचा प्रश्न तांत्रिक अडचणीपेक्षा अधिक गंभीर मानावा. वेफरमागे (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप घडवतात तिच्यामागे) मिळणाऱ्या निर्दोष चिपांचे प्रमाण, म्हणजे यील्ड, प्रयत्नांनी सुधारू शकते, पण नवी मेमरी रखडलेली असताना डीरॅम (संगणकाची मुख्य मेमरी) आणि नँड फ्लॅश (एसएसडी, पेनड्राइव्हमधील मेमरी) या प्रचलित मेमरींची घनता, म्हणजे तेवढ्याच जागेत मावणारी माहिती, वाढतच राहते आणि नव्या मेमरीने ज्या फरकावर बाजी लावलेली असते तो फरकच आक्रसत जातो.

कंपनी लहान असेल, तर सर्वांत आधी ताळेबंदातील रोख रक्कम आणि दर तिमाहीचा खर्च पाहावा. शिल्लक रक्कम नव्या तारखेपर्यंत पुरणारी नसेल, तर नवे शेअर काढून भांडवल उभारावे लागण्याची आणि त्यामुळे आपला हिस्सा घटण्याची शक्यता धरूनच निर्णय घ्यावा, मग तंत्रज्ञान कितीही अस्सल असो.