इंटरमिजिएट अकाउंटिंग कसं पार करावं: अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात जाणाऱ्या बी.कॉम.वाल्यांसाठी

"माझं बी.कॉम. झालंय हो, अकाउंटिंगचं काही टेन्शन नाही." कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये हे वाक्य मी दर सेमिस्टरला ऐकते. बोलणारी व्यक्ती पुण्याची असते, नाशिकची असते, कधी डोंबिवलीची. लग्नानंतर किंवा नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेली, हातात वर्क परमिट, आणि डोक्यात सीपीए, म्हणजे इथली सीएसारखी परवान्याची परीक्षा. सेमिस्टर निम्मं सरतं तेव्हा तीच व्यक्ती बाँडचा धडा घेऊन माझ्यासमोर बसलेली असते.

हुशारीत काही कमी नसतं. एंट्री कुठे नावे टाकायची, कुठे जमा करायची हे या मंडळींना इथल्या मुलांपेक्षा चांगलं येतं. पण इंटरमिजिएटचा सगळा भर रक्कम किती आणि कोणत्या वर्षात यावर असतो. एंट्री हे शेवटचं, दोन मिनिटांचं काम. हे डोक्यात पक्कं बसवा आणि मग खालच्या गोष्टी करा.

नाव नोंदवण्याआधी

भारतातल्या पदवीचं मूल्यमापन झालेलं असेल तर प्रिन्सिपल्सचे, म्हणजे प्राथमिक अकाउंटिंगचे, दोन कोर्स माफ होऊ शकतात. माफ झाले तरी फायनान्शियल अकाउंटिंगचं पुस्तक वाचनालयातून आणून समायोजन नोंदींपासून पुढे वाचून काढा.

सीपीएसाठी शिकत असाल तर ज्या राज्यातून परीक्षा देणार त्या राज्याच्या बोर्डाचे नियम स्वतः वाचा. मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नका, तिचं राज्य वेगळं असतं. टेक्सासचं बोर्ड पदवीनंतर कम्युनिटी कॉलेजात घेतलेले वरच्या पातळीचे कोर्स मानतं, पण कॉलेज त्यांच्या मान्य यादीत असावं लागतं. ओहायो आणि व्हर्जिनियाने २०२५ मध्ये परवान्यासाठीच्या १५० क्रेडिटच्या अटीला दुसरा पर्याय कायद्यात आणला: पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव. नियम असे हलत असताना तीन वर्षांपूर्वीचा सल्ला कुचकामी असतो.

विषय बहुतेक ठिकाणी दोन भागांत असतो. व्हर्जिनियाच्या कम्युनिटी कॉलेजांत एसीसी २२१ आणि २२२. दोन्ही भाग लागोपाठच्या सेमिस्टरला घ्या, मध्ये खंड नको. आणि उन्हाळ्याच्या आठ आठवड्यांच्या सत्रात तर मुळीच घेऊ नका. काउन्सेलर म्हणेल "हो, जमतं की". त्याला ती गणितं सोडवायची नसतात.

जुनं पुस्तक स्वस्तात मिळतं म्हणून घेताना आवृत्तीचं साल बघा. महसुलाचं नवं मानक, एएससी ६०६, मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना २०१८ पासून लागू झालं आणि भाडेपट्ट्यांचं एएससी ८४२ हे २०१९ पासून. त्याआधीच्या पुस्तकातले हे दोन धडे शिकलात तर शिकलेलं विसरण्यात आणखी वेळ जाईल. एक्स्ट्राऑर्डिनरी आयटमचा (असाधारण नफातोट्याचा) वेगळा रकाना ज्यात दिसेल ते पुस्तक तर जागेवरच ठेवा. तो प्रकार २०१५ मध्येच रद्द झाला.

टीआय बीए टू प्लस हा फायनान्शियल कॅल्क्युलेटर घ्या. मोबाइलचं अ‍ॅप परीक्षेत चालत नाही.

भारतातलं काय सोडायचं

अकरावीच्या पुस्तपालनातले तीन सोनेरी नियम काही खोटे नाहीत. पण 'व्हॅल्युएशन अलाउन्स' हे व्यक्ती खातं की वास्तविक, नामधारी की आणखी काही, असा विचार करत बसलात तर पेपर संपेल. इथे एकच समीकरण: मालमत्ता म्हणजे देणी अधिक मालकाचा हिस्सा. कोणतंही खातं यातल्या कुठल्या बाजूचं, ते वाढलं की घटलं, बस.

नियमांतले काही फरक पहिल्याच आठवड्यात वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. इथे लायफो (शेवटी आलेला माल आधी खपला असं धरणं) चालतं, भारतात चालत नाही. संशोधनाबरोबर विकासाचा खर्चही इथे साधारणपणे त्याच वर्षी खर्ची पडतो. भारतातल्या इंड एएस मानकांत अटी पूर्ण झाल्या तर विकासखर्च मालमत्तेत जातो. जमीन-इमारतीचं पुनर्मूल्यांकन करून किंमत वाढवणं इथे नाही. मालसाठ्याची किंमत एकदा खाली आणली की पुढच्या वर्षी भाव चढले तरी ती परत वर नेता येत नाही. यूट्यूबवरचे सीए इंटरचे व्हिडिओ उत्तम असतात, पण ते दुसऱ्या नियमांवर चालतात. नावातल्या 'इंटर'वर जाऊन ते लावू नका.

पहिले धडे

संकल्पनात्मक चौकट, नफातोटा पत्रक, ताळेबंद: आठवडाभरात होतात. फक्त इथल्या ताळेबंदात रोख सर्वांत वर आणि इमारत खाली, हे डोळ्यांना सवयीचं करून घ्या.

आता खरा टप्पा: वर्तमान मूल्य

टाइम व्हॅल्यू ऑफ मनीचा धडा, म्हणजे उद्या येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढणं, बहुतेक जण वरवर वाचतात. "हे तर फायनान्स झालं" म्हणतात. काही प्राध्यापकही एका तासात उरकतात. माझं ठाम मत आहे की संपूर्ण कोर्समधला हा सर्वांत महागडा धडा आहे, कारण बाँड, दीर्घ मुदतीच्या नोटा, भाडेपट्टे आणि पेन्शन हे सगळे याच्याच पोटातून निघतात. इथे कच्चे राहिलात तर दुसऱ्या सेमिस्टरला प्रत्येक धड्यात त्याच ठिकाणी अडखळाल आणि दोष मात्र त्या त्या धड्याला द्याल. मलाही शिकताना इथेच जड गेलं होतं, म्हणून हा भाग तपशिलात लिहिते.

कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधी कागदावर एक आडवी रेघ ओढा. तिच्यावर मुदती मांडा आणि पैसा कधी किती येतो-जातो ते खाली लिहा. मग तीन प्रश्नांची उत्तरं द्या: रक्कम एकदाच आहे की हप्त्यांनी, हप्ता मुदतीच्या सुरुवातीला की शेवटी, आणि एक मुदत म्हणजे वर्ष की सहा महिने. ही रेघ न ओढता बटणं दाबणाऱ्याला मी मदत करत नाही, आधी रेघ ओढायला लावते. रुसतात, पण ओढतात. परीक्षेतही या रेघेला अंशतः गुण देणारे प्राध्यापक असतात. नुसत्या चुकीच्या उत्तराला कोणी देत नाही.

एक उदाहरण घेऊ. कंपनीने १,००,००० डॉलरचे पाच वर्षांचे बाँड काढले, व्याज ८ टक्के, दर सहा महिन्यांनी. बाजारातला दर १० टक्के. इथे दोन दर आहेत आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. बाँडवर छापलेला ८ टक्के दर फक्त एकच काम करतो: दर सहामाहीला रोखेधारकाच्या हातात ठेवायची रोख ठरवतो, म्हणजे ४,००० डॉलर. बाकी सगळं बाजाराचा दर ठरवतो. सहामाही असल्यामुळे दर ५ टक्के आणि मुदती १०. दोन्ही बदलायचे, एकच बदलून बसणारे दर वर्गात निम्मे निघतात. कॅल्क्युलेटरवर एन (मुदती) १०, आय-वाय (दर) ५, पीएमटी (हप्ता) ४,०००, एफव्ही (शेवटची रक्कम) १,००,०००, मग सीपीटी आणि पीव्ही (वर्तमान मूल्य). पडद्यावर ९२,२७८.२७ येतं, आधी उणे चिन्ह लावून. चिन्हाला घाबरू नका, ते पैशाची दिशा सांगतं. भलतंच उत्तर आलं तर पी-वाय (वर्षातले हप्ते) १ वर आहे का आणि आधीचं गणित पुसलं होतं का ते बघा. त्यातच असतं.

म्हणजे कंपनीला आज मिळाले ९२,२७८.२७, आणि सूट ७,७२१.७३. इथे बी.कॉम.ची सवय आडवी येते. आपण शिकलो तेव्हा कर्जरोख्यांवरची सूट मालमत्तेच्या बाजूला दाखवायची आणि दरवर्षी समान हप्त्यांत खर्ची टाकायची. इथे ती सूट देण्यातूनच वजा होते; ताळेबंदात बाँड दिसतात ९२,२७८ ला. आणि समान हप्त्यांनी खर्ची टाकली तर दर सहामाहीला ७७२.१७ येतात, पण इथली मूळ पद्धत प्रभावी व्याजाची आहे. सरळ रेषेची पद्धत फरक नगण्य असेल तरच चालते.

तक्ता हाताने करा: रोख, व्याजखर्च, दोहोंतला फरक, आणि उरलेली कॅरिंग व्हॅल्यू (पुस्तकात दिसणारं देणं). पहिल्या सहामाहीचं व्याज ९२,२७८.२७ च्या ५ टक्के, म्हणजे ४,६१३.९१. रोख दिली ४,०००. फरक ६१३.९१ देण्यात मिळवला की कॅरिंग व्हॅल्यू ९२,८९२.१८. दुसऱ्या सहामाहीचं व्याज या नव्या आकड्यावर: ४,६४४.६१. असं दहा ओळी चालत जा. शेवटी आकडा १,००,००० वर टेकला पाहिजे. दोन-चार सेंट इकडेतिकडे झाले तर ते शेवटच्या ओळीच्या व्याजात घाला. शंभर डॉलरनी हुकला तर मात्र वर कुठेतरी व्याज छापील दराने काढलंय, शोधा.

पहिला तक्ता एक्सेलमध्ये करू नका. सूत्र खाली ओढलं की दहा ओळी भरतात आणि तुम्हाला वाटतं समजलं. हाताने सातव्या ओळीपर्यंत गेलात की व्याज दर वेळी का वाढतं हे विचारावं लागत नाही: देणं वाढतंय म्हणून. मग तोच बाँड बाजारदर ६ टक्के धरून करा. किंमत १,०८,५३०.२० येईल, पहिलं व्याज ३,२५५.९१, आणि या वेळी कॅरिंग व्हॅल्यू ओळीगणिक खाली उतरेल. हे दोन्ही तक्ते पुस्तक बंद ठेवून जमले की पुढे जा. नाही जमले तर पुढचा धडा उघडू नका, वर्ग कितीही पुढे गेलेला असो.

भाडेपट्ट्यात हाच तक्ता परत येतो, एका फरकाने. पहिला हप्ता बहुधा करार सुरू होतानाच द्यायचा असतो. दरवर्षी १०,००० डॉलरचे पाच हप्ते, दर ६ टक्के: हप्ता वर्षाच्या शेवटी धरला तर ४२,१२३.६४, सुरुवातीला धरला तर ४४,६५१.०६. कॅल्क्युलेटर बीजीएन (हप्ता सुरुवातीला) मोडवर नेला नाही तर अडीच हजार डॉलर गायब. आणि पुढच्या गणितात तो परत एंडवर आणायचा राहिला तर पुन्हा तेवढ्यालाच फटका. सुरुवातीच्या त्या पहिल्या हप्त्यात व्याज नसतं, सगळे १०,००० मुद्दलात जातात, उरलेल्या ३४,६५१.०६ वर पहिल्या वर्षाचं व्याज २,०७९.०६. पहिल्याच हप्त्यातून व्याज कापणारे दर सेमिस्टरला भेटतात, सगळ्यांचं कारण एकच: रेघ ओढलेली नसते.

घरचा अभ्यास ऑनलाइन असतो, ती मेख

गृहपाठाच्या सॉफ्टवेअरमध्ये खात्यांची नावं यादीतून निवडायची असतात आणि चुकलं तर पुन्हा संधी मिळते. त्यामुळे गृहपाठाला ९८ आणि परीक्षेत ६१ असं होतं. आधी पूर्ण गणित वहीत, मग सॉफ्टवेअर. 'कसं सोडवायचं ते दाखवा' या बटणाला हात लावायचा नाही.

महसूल आणि मालसाठा

एएससी ६०६ च्या पाच पायऱ्या पाठ करण्यापेक्षा कॉस्टको या दुकानसाखळीचं टेन-के, म्हणजे वार्षिक अहवाल, उघडा. सिक्युरिटीज कमिशनच्या एडगर संकेतस्थळावर फुकट मिळतं. तुम्ही वर्षाची मेंबरशिप फी आज भरता, पण कंपनी ती बारा महिन्यांत थोडी थोडी उत्पन्नात घेते आणि उरलेली ताळेबंदात 'डिफर्ड मेंबरशिप फीज' म्हणून देण्यात दिसते. त्याच कंपनीच्या २०२३ च्या अहवालात अमेरिकेतला माल लायफोने आणि परदेशातला फिफोने (आधी आलेला माल आधी खपला असं धरून) मोजलाय. एका अहवालात दोन धडे झाले.

मानकं मुळातून वाचायची तर एफएएसबी या मानकं ठरवणाऱ्या मंडळाचं कोडिफिकेशन (मानकांचा एकत्र संच) २०२३ पासून सगळ्यांना मोफत खुलं आहे. परिच्छेद वाचायची सवय लावा, इंग्रजी रूक्ष आहे पण नेमकं आहे.

उरलेलं

घसारा: येतोच. रोख प्रवाह पत्रक: अप्रत्यक्ष पद्धतीत येणी वाढली की वजा, देणी वाढली की अधिक, चार गणितं केली की झालं. प्रति समभाग मिळकत: सूत्र सोपं, फक्त शेअरची संख्या महिन्यांच्या भाराने काढा. डिफर्ड टॅक्स: पुस्तकातली आणि करखात्याकडची शिल्लक शेजारी लिहा, फरकाला २१ टक्क्यांनी गुणा, मग एंट्रीचा विचार करा. पेन्शनचा धडा भीतिदायक दिसतो, पण वर्कशीट एकदा आखली की आकडे आपोआप जागा घेतात.

ऑफिस अवर्सला जा. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी बिघडलंय असा अर्थ होतो. इथे तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. जाताना अर्धवट सोडवलेलं गणित घेऊन जा, "काहीच कळलं नाही" घेऊन नको.

दुसरा भाग संपला की एफएआर हा सीपीएचा पेपर लगेच द्या. वर्षभर थांबलात तर भाडेपट्टे आणि बाँड परत पहिल्यापासून करावे लागतील. त्या परीक्षेत तुमचा टीआय कॅल्क्युलेटर नेता येत नाही. साधा कॅल्क्युलेटर आणि स्प्रेडशीट पडद्यावर मिळतात. म्हणून हाताने तक्ते जमायला लागल्यावर स्प्रेडशीटचं पीव्ही सूत्रही शिकून घ्या: दर, मुदती, हप्ता, शेवटची रक्कम, आणि हप्ता सुरुवातीला असेल तर शेवटी १. वरचा बाँड त्यात टाकून बघा, ९२,२७८.२७ यायला हवेत.