इंजिन बदलायचंय? आधी ऑइल चेंबर बघा

ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवसासाठी, पहिली गाडी घेताय ना, मग हॉर्सपॉवरचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी वजन, मग कूलिंग, मग त्या गाडीचे ब्रेक पॅड आणि टायर सहज मिळतात का ते. सुरुवातीला शिकायचं असतं ते ब्रेक कुठे लावायचा, कसा हळूहळू सोडायचा आणि नजर कुठे ठेवायची. कमी ताकदीच्या गाडीत या चुका लपत नाहीत. 400 हॉर्सपॉवर हाताशी असले की वळणात गमावलेला वेळ पुढच्या सरळ पट्ट्यावर पाय दाबून भरून निघतो, आणि आपल्याला वाटतं की आपण छान चालवतोय.

म्हणूनच 1989 साली आलेली माझदा एमएक्स-5 अजूनही सगळ्यांच्या तोंडी आहे. पहिल्या गाड्यांत 1.6 लिटरचं इंजिन, ताकद सुमारे 115 हॉर्सपॉवर, वजन एक टनाच्या आसपास आणि ताकद मागच्या चाकांना. छप्पर उघडं, त्यामुळे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी मागची पोलादी कमान, हवाच. उंच माणसाने गाडी घेण्याआधी हेल्मेट घालून आत बसून बघावं. डोकं बारच्या वर जात असेल तर तो बार असून नसल्यासारखा. छत हवं असेल तर 2012 ची टोयोटा 86 शहाणी निवड आहे. बीएमडब्ल्यूच्या ई36 आणि ई46 (3 सीरीजच्या जुन्या पिढ्या) चालवायला फार गोड, पण लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) बॉडीला जोडलेला असतो तिथल्या पत्र्याला तडे जातात, आणि कूलिंगमधले प्लास्टिकचे भाग वयाने ठिसूळ झालेले असतात. होंडा एस2000 चं इंजिन 9000 आरपीएमपर्यंत गातं. मन तिच्यावर जातंच, पण आता ती स्वस्तातली गाडी राहिलेली नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कुणाचा तरी अर्धवट सोडलेला स्वॅप प्रोजेक्ट, म्हणजे दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायला घेतलेली गाडी, घेऊ नका. "फक्त वायरिंग राहिलंय" हे वाक्य ऐकलं की तिथून निघा. वायरिंग राहिलंय म्हणजे इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), मीटर, पंखे, फ्युएल पंप, सगळंच राहिलंय.

आता स्वॅपकडे. मी कुणाला अडवत नाही, माझीही गाडी स्वॅप केलेलीच आहे. पण इंजिन हा त्यातला सोपा भाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसंच आहे हे. माउंट, गिअरबॉक्सची अडॅप्टर प्लेट, क्लच, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर, एक्झॉस्ट. त्यातून पुढे निघालात की दुबळा दुवा मागे सरकतो: 1.6 च्या एमएक्स-5 मधलं छोटं 6 इंची डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) जास्त टॉर्क फार काळ सोसत नाही. जनरल मोटर्सचं एलएस1, 1997 च्या कॉर्व्हेटबरोबर आलेलं 5.7 लिटरचं व्ही8, लोक कशातही बसवतात. त्याला कारण आहे. कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) ब्लॉकमध्ये असल्यामुळे इंजिनाच्या वरचे हेड आटोपशीर राहतात आणि अ‍ॅल्युमिनियममुळे वजनही आवाक्यात. ते बसतं, यात शंका नाही. नंतर गाडी तापू न देणं आणि थांबवणं हे वेगळं काम.

आणि आता ते, ज्यापायी माझं एक इंजिन गेलं. ऑइल चेंबर, म्हणजे सम्प, इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं.

होंडाचं के20 इंजिन घ्या. मूळ गाडीत ते आडवं बसतं, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा, गाडीच्या रुंदीच्या दिशेने. वळणात बाजूला ढकलणारा जोर तिथे क्रँकच्या लांबीने लागतो. तेच इंजिन मागच्या चाकांच्या गाडीत उभं बसवलं की तोच जोर क्रँकला आडवा लागतो, आणि ब्रेकचा जोर लांबीने. चेंबरमधले बॅफल (तेल अडवणारे पत्रे) ज्या दिशेसाठी घडवले, ती दिशाच बदलली. त्यात क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंग रॅक मध्ये येतात म्हणून चेंबर कापून उथळ केलेला असतो. आता चांगल्या टायरवर वळणात 1 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका बाजूचा जोर, मिळतो असं धरा. तेवढ्या जोरात तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांत कलतो. एक बाजू भरते, दुसरी कोरडी. पिकअपचं, म्हणजे तेल ओढणाऱ्या नळीचं, तोंड कोरड्या बाजूला असेल तर पंप हवा ओढतो. छोट्या वळणात निभावतं, कारण तेल लगेच परत येतं. लांब, भरधाव वळणात ते परत येतच नाही. वर हेडमध्ये चढलेलं तेलही जास्त आरपीएमला खाली उतरायला वेळ घेतं.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो दाब जवळपास संपल्यावर लागतो. 7000 आरपीएमला तेव्हा बेअरिंगचं काम झालेलं असतं. दाबाचा सेन्सर लावा आणि जी-फोर्सबरोबर त्याची नोंद ठेवा. दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय दाब हा जुना ठोकताळा आहे, पण आकड्यापेक्षा रेषेचा आकार बघा. प्रत्येक वेळी त्याच वळणात रेषेला खळगा पडत असेल तर गाडी पिटमध्ये आणा, आणखी एक लॅप नको. घरी आल्यावर ऑइल फिल्टर कापा, कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. तांबूस किंवा चंदेरी चमचम दिसली आणि ती चुंबकाला चिकटत नसेल, तर बहुधा बेअरिंगच झिजतंय.

"अर्धा लिटर जास्त भर, काही होत नाही" हा सल्ला सर्रास मिळतो. थोडा उपयोग होतो, पण जास्त भरलं तर क्रँक त्या तेलाला घुसळून फेस करतो, आणि फेस बेअरिंगला आधार देत नाही. झडपवाले बॅफल असलेला चेंबर हा खरा पहिला उपाय. त्यावर ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे दाब पडला की साठवलेलं तेल इंजिनात सोडणारी टाकी. ड्राय सम्प, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवायची पद्धत, सर्वांत उत्तम आणि सर्वांत महाग.

घाबरलात? नका घाबरू. हे सगळं इंजिन बाहेर असताना करायला सोपं आहे, म्हणून तर आधीच सांगतोय.

सल्ला देणाऱ्यांबद्दल थोडं कडू बोलतो. उंटावरून शेळ्या हाकणारे या छंदात फार. ज्याची स्वतःची गाडी वर्षभर ट्रॅकवर टिकलीय, त्यालाच विचारा, आणि विचारताना त्याची गाडी खालून बघू द्या म्हणा. टर्बो लावण्याच्या पैशात चांगला इन्स्ट्रक्टर घेतलात तर लॅप टाइम जास्त उतरेल, हे माझं ठाम मत आहे. मित्रांना पटत नाही.

ब्रेक फ्लुइड ताजं ठेवा. डॉट 4 दर्जाच्या फ्लुइडचा किमान उत्कलनांक कोरडा असताना 230 अंश सेल्सियस, ओलावा शोषल्यावर 155. जड इंजिन घातलंत तर हा फरक पेडलवर पायाला कळेल. नेहमीचा विमा बहुतेक वेळा ट्रॅकवर लागू होत नाही, पॉलिसी वाचा. आणि नाव नोंदवण्याआधी त्या ट्रॅकची आवाजाची मर्यादा विचारून घ्या. स्वॅप केलेल्या गाड्यांचा एक्झॉस्ट बहुधा आखूड असतो, आवाजाची मोजणी गाडी ट्रॅकवर उतरवायच्या आधीच होते, आणि त्या दिवसाची फी सहसा परत मिळत नाही.