आपल्या गावचं स्टेशन आधी कुठल्या रेल्वेत होतं हे कसं शोधायचं

आमचे आजोबा सोलापूरला रेल्वेत होते, ते गेल्यावर ट्रंकेत कागद सापडले, एकावर जीआयपी रेल्वे (इंग्रजांच्या काळातली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), दुसऱ्यावर मध्य रेल्वे आणि शेवटच्या काही पासांवर दक्षिण मध्य, सिकंदराबाद. घरात सगळ्यांना वाटायचं आजोबांची सिकंदराबादला बदली झाली होती. झालीच नव्हती! माणूस सोलापुरातच होता, रेल्वे बदलत गेली. तुमच्याकडेही असे कागद असतील किंवा नुसतं आपल्या स्टेशनबद्दल जाणून घ्यायचं असेल तर मी जसं शोधलं तसं सांगतो.

पहिली गोष्ट, "रेल्वे कोणाची होती" असा एकच प्रश्न विचारू नका, चार वेगळे विचारा: मालक कोण, चालवत कोण होतं, झोन कुठला (मध्य, दक्षिण मध्य असा रेल्वेचा मोठा विभाग), डिव्हिजन कुठलं (झोनच्या आतला छोटा विभाग). सगळा घोळ इथेच होतो. जीआयपीचंच बघा, सरकारने ती १९०० साली विकत घेतली पण चालवायला पुन्हा कंपनीकडेच दिली, सरकारने स्वतः कारभार हातात घेतला तो १९२५ मध्ये. म्हणजे मधली २५ वर्षं मालक सरकार आणि साहेब कंपनीचे. त्यामुळे कोणी १९०० सांगतं कोणी १९२५, दोघंही बरोबर असतात, प्रश्न वेगळा असतो एवढंच.

मग एक कागद घ्या, वरून खाली वर्षं लिहा आणि प्रत्येक वर्षासमोर हे चार रकाने भरा. सोलापूरचं असं होतं: १८६० ला जीआयपीची गाडी आली, मग ते १९०० आणि १९२५, मग ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली त्यात गेलं, २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य नवीन निघाली (मुख्यालय सिकंदराबाद) तेव्हा सोलापूर डिव्हिजन उचलून तिकडे दिलं आणि २ ऑक्टोबर १९७७ ला परत मध्य रेल्वेत आणलं. आजोबा १९७५ ला रिटायर झाले, म्हणून त्यांच्या शेवटच्या कागदांवर सिकंदराबाद आहे. हा तक्ता भरला तेव्हा कुठे आईला पटलं.

१९५१-५२ ही वर्षं कोणीही सोडू नका. तेव्हा देशात सरकारी, संस्थानांच्या वगैरे मिळून ४२ रेल्वे होत्या त्यांचे सहा झोन केले. नांदेड, परभणीकडचे असाल तर आधी निजामाची रेल्वे, मग १९५१ पासून मध्य, १९६६ पासून दक्षिण मध्य, आणि नांदेडला स्वतःचं डिव्हिजन मिळालं ते २००३ मध्ये. गोंदियावाल्यांनी बंगाल नागपूर रेल्वेपासून सुरुवात करायची, १९५२ ला पूर्व, १९५५ ला दक्षिण पूर्व आणि २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य. इथे एक सांभाळा, नागपूर डिव्हिजन दोन आहेत, एक मध्य रेल्वेचं आणि एक बिलासपूरच्या झोनचं म्हणजे दक्षिण पूर्व मध्यचं, कागदावर नुसतं "नागपूर" असेल तर झोनचं नाव बघितल्याशिवाय काही ठरवू नका.

छोट्या लाईनी वेगळ्या शोधाव्या लागतात. कुर्डुवाडीची बार्शी लाईट रेल्वे १९५१-५२ ला झोनमध्ये घेतलेल्या रेल्वेंत सापडणार नाही कारण ती सरकारने १९५४ ला घेतली. आणि मुर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला तर कंपनीच्या मालकीचीच राहिली, गाडी मात्र सरकारी रेल्वेने चालवली.

पुरावा कुठे बघायचा? आधी स्टेशनवरच जा. जुन्या शेडचे ओतीव लोखंडी खांब, पुलाचे गर्डर, आणि कुठे जुना रूळ कुंपणाला रोवलेला असेल तर त्याची बाजू ओल्या फडक्याने पुसून बघा, बऱ्याचदा कंपनीची अक्षरं आणि साल उठून दिसतं. पण रूळ एका लाईनीवरून काढून दुसरीकडे वापरतात, त्यामुळे एकट्या रुळावर भरवसा ठेवू नका (रुळांजवळ जायच्या आधी स्टेशन मास्तरांना विचारा). नंतर जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक) काढा, त्यात दळणवळणाचा भाग असतो. रेल्वे बोर्डाचे जुने वार्षिक अहवाल आर्काइव्ह डॉट ऑर्गवर मिळतात, त्यात शोधताना गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाका, शोलापूर, पूना असं, नाहीतर काहीच हाती लागत नाही. आणि घरातले जुने पास, पेन्शनचे कागद यांचे फोटो आधी काढून ठेवा, घडीवर फाटलेले असतात आणि शिक्का नेमका घडीवरच असतो.